आवाज कुठून आला?

आंधळी कोशिंबीर न खेळलेले मूल महाराष्ट्रात सापडणे कठीण. ज्याच्यावर राज्य आले त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, त्याला दोन-तीन गिरक्या द्यायच्या आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवत, टपल्या मारत त्याच्याभोवती नाचायचे. डोळे बांधलेला गडी हात पसरून ज्या दिशेने झेपावतो, ती दिशा त्याला कोणी सांगितलेली नसते. ती त्याला कानांनी सांगितलेली असते.

काही वर्षांपूर्वी नाशिक तालुक्यातील एका शाळेत शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी आम्ही गेलो होतो. विषय होता ध्वनी. आम्ही हाच खेळ थोड्या शिस्तीत खेळून पाहिला. मैदानावर फक्कीने एक मोठे वर्तुळ आखले, त्यावर घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बारा जागा केल्या आणि प्रत्येक जागेवर एक-एक मूल उभे केले. मध्ये डोळे बांधलेले मूल. आम्ही खूण करू त्याने एकदाच टाळी वाजवायची आणि मधल्याने त्या दिशेला बोट दाखवायचे. मुले इतकी अचूक बोटे दाखवीत होती की शिक्षकांनाही नवल वाटले. अपवाद एकाच मुलीचा. सहावीतली ही मुलगी टाळी कुठेही वाजली तरी उजवीकडेच बोट दाखवी. "बाई, ही मुद्दामच करते!" मुले ओरडली. बाईंनाही तसेच वाटले असावे, कारण वर्गात 'लक्ष नसलेली मुलगी' म्हणून ती प्रसिद्ध होती. या मुलीकडे आपण शेवटी परत येऊ. आधी तिच्या वर्गमित्रांना जे सहज जमले ते मुळात जमते कसे, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी कसा सोडवत नेला ते पाहू.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डोळ्यात बाहेरच्या जगाचे चित्र उमटते. डावीकडची वस्तू दृष्टिपटलाच्या उजव्या भागावर, उजवीकडची डाव्या भागावर. म्हणजे 'कुठे' याचे उत्तर दृष्टिपटलावरच लिहिलेले असते. कानाचे तसे नाही. आतल्या कानातील शंखाकृती नलिकेत आवाजांची मांडणी होते ती त्यांच्या उंच-नीच स्वरांप्रमाणे, दिशेप्रमाणे नव्हे. ढोल डावीकडे वाजो की उजवीकडे, नलिकेतील तीच जागा थरथरते. तेव्हा आवाजाची जागा कानात नसते. ती मेंदूला हिशेब करून काढावी लागते.

कुरणातला आणि हिरवळीवरचा खेळ

हा हिशेब कशाच्या आधारे होतो, हे शोधण्याचा एक जुना प्रयत्न इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांचा. अरुंद नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा दाब कमी होतो हे दाखवणारे 'व्हेंच्युरी परिणामा'चे जनक ते हेच. १७९६ साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत म्हणजे आंधळी कोशिंबीरच होती: मोकळे कुरण, मध्ये डोळे बांधलेला माणूस आणि दूरवर वाजवलेला आवाज. एक कान बंद केला की ऐकणाऱ्याला आवाज उघड्या कानाच्या बाजूनेच आल्यासारखा वाटे. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की दोन कानांना ऐकू येणाऱ्या आवाजाच्या तीव्रतेतील फरकावरून दिशा कळते.

पुढे ऐंशी वर्षांनी, १८७६ मध्ये, लॉर्ड रॅले यांनी इंग्लंडमधील आपल्या घराच्या हिरवळीवर हाच खेळ मांडला. आर्गॉन वायूच्या शोधाबद्दल १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रॅले हे आकाशाच्या निळ्या रंगाच्या स्पष्टीकरणामुळे आपल्याला परिचित आहेत. ते डोळे मिटून मध्ये उभे राहत आणि साहाय्यक सभोवती. माणसाचा आवाज असेल तर दिशा बिनचूक कळे. नादकाट्याचा शुद्ध स्वर असेल तर डावे-उजवे कळे, पण पुढे की मागे हे मात्र सांगता येईना.

रॅले यांना सतावणारी गोष्ट वेगळीच होती. डोके मधे आल्यामुळे पलीकडच्या कानावर आवाजाची 'सावली' पडते आणि तिथे आवाज क्षीण होतो, हे ठीक. पण सावली पडायला तरंगलांबी डोक्यापेक्षा लहान हवी. दर सेकंदाला ५००० कंपने असलेल्या स्वराची हवेतील तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर. त्याची सावली चांगली पडेल. दर सेकंदाला १२८ कंपनांच्या खर्ज स्वराची तरंगलांबी मात्र अडीच मीटरांहून अधिक. नदीची मोठी लाट पाण्यातल्या खुंटाला वळसा घालून सहज पुढे जाते, तशी ही लहर डोक्याला वळसा घालून जाते. दोन्ही कानांना आवाज जवळजवळ सारखाच. तरीही खर्ज स्वराचे डावे-उजवे कळतेच! मग कळते कशावरून?

उत्तर द्यायला त्यांना तीस वर्षे लागली. १९०७ च्या निबंधात त्यांनी मान्य केले की खालच्या स्वरांसाठी मेंदू वेळेतला फरक वापरत असला पाहिजे. डावीकडून आलेली लहर डाव्या कानाला आधी भेटते आणि उजव्याला जरा उशिरा. 'जरा' म्हणजे किती? आवाजाचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. डोक्याला वळसा घालून पलीकडे जायला जास्तीत जास्त वेळ लागतो तो सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. आणि त्यातलाही एक बारीक अंश आपण ओळखतो. पुढे झालेल्या मोजमापांत असे दिसले की सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरकसुद्धा माणसाला जाणवू शकतो. एवढ्या सूक्ष्म फरकावर आपल्याला भरवसा ठेवता येतो यावर आरंभी अनेकांचा विश्वास बसला नाही, यात आश्चर्य नाही.

देवळालीच्या तोफा

आम्ही नाशिकला वाढलो. देवळाली कॅम्पच्या बाजूला राहणाऱ्यांना तोफांचे धमाके नवीन नाहीत; भारतीय लष्कराचे तोफखाना प्रशिक्षण विद्यालय तिथे आहे आणि त्याच्या सरावाच्या मैदानावर गोळाबारी चालते. लहानपणी आवाज ऐकला की आम्ही भावंडे पैज लावत असू, तोफ कुठल्या बाजूची. मोठे झाल्यावर कळले की ही पैज पहिल्या महायुद्धात फार गांभीर्याने लावली गेली होती.

फ्रान्समधील आघाडीवर शत्रूच्या तोफा टेकड्यांआड दडलेल्या असत. दिसत नसत, फक्त ऐकू येत. ब्रिटिश सैन्याने हे काम १९१५ साली विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुणाकडे सोपवले. स्फटिकांच्या क्षकिरण अभ्यासाबद्दल त्याच वर्षी वडिलांबरोबर त्याला नोबेल मिळाले, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. ब्रॅगने जे केले ते म्हणजे रॅले यांनी सांगितलेले डोके काही किलोमीटर रुंद करणे. दोन कानांऐवजी ओळीने सहा ध्वनिग्राहक, आणि मेंदूऐवजी सरकत्या फिल्मवर उमटणाऱ्या सहा रेघा. धमाका कुठल्या ग्राहकाकडे किती आधी पोचला हे फिल्मवरून मोजायचे आणि नकाशावर तोफेची जागा काढायची.

कागदावर सोपे असलेले हे काम आघाडीवर अडले. तोफगोळा आवाजापेक्षा वेगाने जातो, त्यामुळे त्याचा कर्कश कडाका आधी येतो आणि तोफेचा खरा खोल धमाका नंतर. तेव्हाचे ध्वनिग्राहक कडाक्याने दणाणून जात आणि धमाक्याकडे दुर्लक्ष करत. उपाय सुचला तो टकर नावाच्या एका शिपायाला. सैन्यात येण्यापूर्वी तो भौतिकशास्त्र शिकवत असे. तो ज्या खोपटात झोपे त्याच्या भिंतीला भोके होती, आणि तोफ धडाडली की त्यातून थंड हवेचा झोत त्याच्या तोंडावर येई. कडाक्याने मात्र येत नसे. टकरने पेटीला भोक पाडून त्यावर विजेने तापवलेली बारीक प्लॅटिनमची तार ताणली. धमाक्याच्या झोताने तार थंड झाली की तिचा विद्युतरोध बदले. १९१६ साली ही युक्ती आघाडीवर आली आणि दडलेल्या तोफा नकाशावर दिसू लागल्या.

दुसऱ्या बाजूला जर्मनीतही हाच विचार चालू होता. तिथे फॉन हॉर्नबोस्टेल आणि वेर्थायमर या दोन मानसशास्त्रज्ञांनी सैन्यासाठी असे यंत्र बनवले की ज्यात माणसाचे स्वतःचे कानच वापरले जात, फक्त नळ्यांच्या साहाय्याने ते एकमेकांपासून दूर नेलेले. कान दूर गेले की वेळेतला फरक वाढतो आणि दिशा अधिक बारकाईने कळते. १९२० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. दोन कानांतील वेळेचा एखादा ठरावीक फरक एका दिशेचा नसतोच. एका शंकूवरच्या सर्व दिशांना तो सारखाच असतो. उजवीकडे पुढे, उजवीकडे मागे, उजवीकडे वर, सगळीकडे तोच फरक. रॅले यांना नादकाट्याचे पुढे-मागे का कळले नाही, याचे उत्तर इथे होते. पण माणसाच्या आवाजाचे पुढे-मागे का कळते, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

मूकपटाला वाचा फुटली

आता युद्धभूमीवरून परत नाशिकला येऊ. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर आपला बाडबिस्तरा मुंबईहून नाशिकला हलवला आणि पुढची अनेक वर्षे इथेच मूकपट काढले. मूकपटांच्या खेळाला आवाज नसे असे नाही. पेटी-तबलावाले पडद्यापाशी बसून वाजवत. पण तो आवाज पडद्यावरच्या कृष्णाचा किंवा हनुमानाचा आहे असे कोणाला वाटत नसे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' लागला आणि पुढच्याच वर्षी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. फाळक्यांच्या 'सेतुबंधन'ला, मूकपट म्हणून तयार झाल्यावर, मागाहून आवाज जोडावा लागला. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला बोलपट एकच, १९३७ चा 'गंगावतरण'.

बोलपट पाहताना काय घडत होते याचा विचार करून पाहा. लाऊडस्पीकर पडद्यामागे एका जागी. राजा पडद्याच्या डाव्या टोकाला, राणी उजव्या टोकाला. दोघांचेही शब्द बाहेर पडत त्या एकाच स्पीकरमधून. तरी प्रेक्षकांना राजाचा आवाज राजाच्या आणि राणीचा राणीच्या ओठांतून ऐकू येई. कोणीही तक्रार केली नाही.

ही फसवणूक महाराष्ट्राला नवी नव्हती. यशवंत केशव पाध्ये आणि पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाने कित्येक पिढ्यांना हसवले आहे. या कलेला मराठीत शब्दभ्रम असे नेमके नाव आहे. कलावंत आवाज बाहुलीकडे 'फेकतो' असे लोक म्हणतात, पण आवाज काही फेकता येत नाही. तो कलावंताच्या गळ्यातूनच येत असतो. त्याचे ओठ स्थिर आणि बाहुलीचे ओठ शब्दांच्या तालावर हलणारे, एवढ्यानेच प्रेक्षकांचा मेंदू आवाज उचलून बाहुलीच्या तोंडात नेऊन ठेवतो. १९५३ साली इंग्लंडमध्ये वाफ सोडणाऱ्या किटल्या घेऊन याची परीक्षा झाली: वाफ एका किटलीतून आणि शिट्टी दुसरीकडून, पण ऐकणारे शिट्टी वाफेच्या किटलीलाच चिकटवत. याचा अर्थ डोळा नेहमीच कानावर मात करतो असा मात्र नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पडद्यावरचा ठिपका मुद्दाम खूप धूसर केला, तेव्हा उलट कानाचे म्हणणे वरचढ ठरले. ज्या इंद्रियाची साक्ष त्या वेळी अधिक नेमकी, त्याला मेंदू अधिक मानतो. चांगला न्यायाधीशही हेच करतो.

दोन स्पीकर आणि मधला गायक

१९३१ सालीच लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन हा अभियंता पत्नीबरोबर बोलपट पाहत होता. पात्रे पडद्यावर इकडून तिकडे फिरत, आवाज मात्र जागचा हलत नव्हता. प्रेक्षकांना न खटकणारी ही गोष्ट त्याला खटकली. आवाज पात्रामागून चालायला लावण्याची युक्ती आपल्याला सापडली आहे असे त्याने पत्नीला सांगितल्याची आठवण पुढे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो त्याचा हा पाया. त्यापूर्वी १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ अदेर यांनी ऑपेराचा आवाज दोन तारांनी आणून प्रत्येक श्रोत्याच्या दोन कानांना दोन टेलिफोन लावले होते, आणि गायक रंगमंचावर फिरताना लोकांना कळत होता. पण चित्रपटगृहात प्रत्येकाच्या कानाला टेलिफोन कसा लावणार?

ब्लमलाइनने ओळखलेली गोष्ट अशी. समोर डावा आणि उजवा असे दोन स्पीकर असले की प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात. डाव्या कानाला डावा स्पीकर आधी, उजवा किंचित उशिरा. उजव्या कानाला उलट. आता दोन्हींतून एकच स्वर काढा, पण डावा मोठा आणि उजवा लहान. डाव्या कानात आधी आलेली लहर मोठी असल्याने दोन लहरींची बेरीज 'लवकर'च्या बाजूला झुकते. उजव्या कानात मोठी लहर उशिरा आलेली, म्हणून बेरीज 'उशिरा'च्या बाजूला झुकते. म्हणजे स्पीकरवर आपण बदलली ती फक्त तीव्रता, पण कानांशी निर्माण झाला तो वेळेतला फरक, खालच्या स्वरांसाठी रॅले यांनी सांगितला तोच! दोन्ही स्पीकर सारखे वाजले तर गायक बरोबर मध्ये उभा असल्याचा भास होतो. तिथे हात लावून पाहा, काहीच नाही. हा भासमान ध्वनी. रॅले यांनी जे निसर्गात शोधले ते ब्लमलाइनने हुकमी घडवले. दुर्दैवाने १९४२ साली, विमानात बसवायच्या रडारची चाचणी घेताना झालेल्या अपघातात वयाच्या ३८ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. स्टिरिओ घरोघर पोचलेला त्याला पाहता आला नाही.

आपल्याकडे सामान्य प्रेक्षकाला या भासाची ओळख ठसठशीतपणे झाली ती १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागलेल्या 'शोले'मुळे. ७० मिलिमीटरची प्रिंट आणि स्टिरिओफोनिक ध्वनी असलेल्या चित्रपटगृहांत जयने उडवलेले नाणे खणखणले की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, असे किस्से आमच्या वडिलांच्या पिढीतील लोक आजही रंगवून सांगतात. किस्सा थोडा वाढवलेला असेलही. पण पडद्यावरून आवाज निसटून प्रेक्षागृहात येऊ शकतो, हा अनुभव त्या पिढीला नवा होता हे खरे. २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत छतावरही स्पीकर बसवले जाऊ लागले आणि प्रत्येक आवाजाची जागा वेगळी नोंदली जाऊ लागली.

लेण्यातली टाळी

नाशिकच्या शाळांची सहल पांडवलेण्यांना जातेच. तिथल्या चोवीस लेण्यांपैकी एखाद्या मोठ्या विहारात मुलांना डोळे मिटून उभे करा आणि एकाने टाळी वाजवावी. भिंती, छत, जमीन, सगळीकडून टाळी परतते. भिंत पाच मीटरवर असेल तर परतलेला आवाज सेकंदाच्या चौतिसाव्या भागाइतक्या उशिराने येतो. इतक्या दिशांनी इतके आवाज येऊनही मुले बोट दाखवतात ते टाळी वाजवणाऱ्याकडेच. हे कसे?

१९४९ साली अमेरिकेत वालाख आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत हास यांनी, याचे उत्तर दिले. जो आवाज पहिला पोचतो त्याचीच दिशा मेंदू खरी धरतो. पाठोपाठ आलेले परावर्तित आवाज तो पहिल्यात मिसळून टाकतो. भरीवपणा वाढतो, पण दिशा बदलत नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवात मागे बसलेल्या पालकांना पाहुण्यांचा आवाज व्यासपीठावरून न येता डोक्यावरच्या कर्ण्यातून येतो असे वाटते, त्याचे कारणही हेच. व्यासपीठ तीस मीटर दूर असेल तर तिथला आवाज सेकंदाच्या सुमारे अकराव्या भागाइतका उशिरा पोचतो, तारेतून आलेला आधीच पोचलेला असतो. कर्ण्याचा आवाज यंत्राने त्याहून किंचित अधिक रोखून धरला की पाहुणे पुन्हा व्यासपीठावरून बोलू लागतात. मोठ्या सभागृहांत तसे करतातही.

कानाची पाळी

पुढे-मागे आणि वर-खाली यांचे कोडे मात्र अजून सुटले नव्हते. उत्तर सर्वांच्या डोळ्यांसमोर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लटकत होते. कानाच्या पाळीवरच्या घड्या आणि खळगे कशासाठी? १९६७ साली बॅटो या अमेरिकी संशोधकाने दाखवले की आवाज या घड्यांवरून परावर्तित होऊन किंचित उशिराने कानात शिरतो आणि मूळ आवाजात मिसळतो. परिणामी काही उंच स्वर वाढतात, काही दबतात. कोणते दबतात हे आवाज वरून येतो की खालून, पुढून की मागून यावर ठरते. म्हणजे पाळी प्रत्येक आवाजावर दिशेचा शिक्का मारते. नादकाट्यात एकच स्वर, त्यामुळे शिक्का उमटायला जागाच नाही. माणसाच्या आवाजात अनेक स्वर, म्हणून रॅले यांना तो ओळखता आला.

हा शिक्का नक्कल करता येईल का? १९८९ साली अमेरिकेत वाइटमन आणि किस्लर यांनी माणसांच्या कानांत इवले माईक ठेवून, अनेक दिशांनी आलेला आवाज कर्णपटलाजवळ कसा बदलतो ते मोजले. मग हेडफोनवर तसाच बदललेला आवाज ऐकवला. एरवी हेडफोनवरचा आवाज डोक्याच्या आत घुमतो. इथे तो बाहेर, ठरलेल्या दिशेला उभा राहिला. आजच्या हेडफोनमध्ये 'सभोवतालचा आवाज' म्हणून जे मिळते ते याच कामाचे फळ. त्यातले काही हेडफोन आपण मान वळवली तर तेवढाच आवाज उलट वळवतात, म्हणजे वाद्य जागच्या जागी राहते.

अडचण एकच: प्रत्येकाची पाळी वेगळी. दुसऱ्याच्या कानांनी ऐकले तर पुढचे मागे वाटते आणि वरचे खाली. पण इथेच या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रयोग झाला. १९९८ साली नेदरलँड्समध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी चार जणांच्या पाळ्यांतील खळग्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. वर-खाली ओळखणे तत्काळ बिघडले. ती माणसे साचे घालूनच रोजचे जीवन जगत राहिली आणि तीन ते सहा आठवड्यांत नव्या कानांनी पुन्हा नीट ऐकू लागली. साचे काढल्यावर जुन्या कानांनी ऐकणे पुन्हा शिकावे लागले का? मुळीच नाही. मराठी माणूस हिंदी शिकला म्हणून मराठी विसरत नाही, तसे त्यांच्याकडे आता दोन्ही कान होते. आवाजाची दिशा ही आपण शिकलेली भाषा आहे.

पुन्हा मैदानावर

आता त्या सहावीतल्या मुलीकडे येऊ. खेळ संपल्यावर आम्ही तिला बाजूला घेतले. तिच्या उजव्या कानावर हात ठेवून मागून हळू आवाजात नाव पुकारले. उत्तर नाही. डाव्या कानावर हात ठेवून पुकारले, तर लगेच वळली. तिच्या आईने सांगितले की लहानपणी तिला गालगुंड झाले होते. गालगुंडानंतर क्वचित एका कानाची श्रवणशक्ती जाते हे वैद्यकाला माहीत आहे. तिच्या बाबतीत कारण तेच होते की नाही हे ठरवणे आमचे काम नव्हते. पुढे तपासणीत डावा कान जवळजवळ बंद असल्याचे निघाले. व्हेंच्युरींनी दोनशे वर्षांपूर्वी नोंदवलेली खूण ती आमच्यासमोर बोटाने दाखवत होती, आणि आम्ही सर्व जण आधी हसलो होतो.

एका कानाने शांत खोलीत सगळे ऐकू येते. म्हणून घरात कोणाला शंका येत नाही. पण गडबडीच्या वर्गात दोन कान असलेले मूल दिशेच्या आधाराने बाईंचा आवाज गोंगाटातून वेगळा काढते. एक कान असलेल्याला सगळा गोंगाट एकाच ढिगात मिळतो. हाक आली तर ते भलतीकडे पाहते, उत्तर उशिरा देते, आणि आपण म्हणतो, लक्ष नाही.

शिक्षकांना दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली, गवंडी लेव्हलसाठी वापरतात तशी एक मीटर प्लॅस्टिकची नळी घ्या. तिची टोके मुलाने दोन्ही कानांशी अलगद धरावी, आत खुपसू नये. नळी पाठीमागून जाऊ द्या आणि मध्यावर खूण करा. पेन्सिलीने खुणेच्या उजवीकडे-डावीकडे हलकेच टिचक्या मारा आणि कुठल्या बाजूला वाजले ते विचारा. खुणेपासून एक सेंटिमीटरवर टिचकी मारली की दोन कानांच्या वाटेत दोन सेंटिमीटरचा, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सतरा हजाराव्या भागाचा फरक पडतो. मुले तो ओळखतात. वेग, अंतर आणि वेळ यांचे याहून चांगले गणित आम्हाला माहीत नाही.

दुसरी, चुन्याचे वर्तुळ आखा आणि आंधळी कोशिंबीर खेळा. वारंवार एकाच बाजूला बोट दाखवणारे मूल आढळले तर निदान करू नका, फक्त पालकांना कानाच्या डॉक्टरांकडे जायला सुचवा. आणि तोवर त्याची जागा बदला: चांगला कान आपल्याकडे आणि वर्गाकडे, बंद कान भिंतीकडे. आमच्या त्या मुलीला डाव्या हाताच्या भिंतीलगत पहिल्या बाकावर बसवले. पुढच्या भेटीत बाई म्हणाल्या, "सर, आता ती प्रश्न विचारते." तुमच्या वर्गातील अनुभव आम्हाला जरूर कळवा.